खाचेतली खरखर, बासरीतला श्वास

जेथ्रो टल या ब्रिटिश बँडचा 'थिक ॲज अ ब्रिक' हा अल्बम मार्च १९७२मध्ये बाजारात आला, तेव्हा त्यात गाणं एकच होतं. जवळपास ४४ मिनिटांचं. तबकडीच्या एका बाजूवर एवढं संगीत मावणं शक्यच नव्हतं, म्हणून ते मध्ये तोडावं लागलं. पहिली बाजू विरत विरत संपते आणि दुसरी तशाच विरळ आवाजांतून पुन्हा उगवते. आदल्या वर्षीच्या 'ॲक्वालंग'ला समीक्षकांनी 'कॉन्सेप्ट अल्बम' ठरवलं होतं आणि बँडचा गायक, बासरीवादक व गीतकार इयन अँडरसन याला ते मान्य नव्हतं. तुम्हाला कॉन्सेप्ट अल्बम हवा आहे ना, मग हा घ्या, अशा ईर्ष्येने त्याने हे काम हाती घेतलं आणि डिसेंबर १९७१मध्ये लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत त्याचं मुद्रण झालं. जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या दीर्घकवितेला चाल लावली आहे, अशी बतावणी त्यात होती. मुलगा काल्पनिक होता, कविता अँडरसनचीच होती. थट्टेतून निघालेली ही रचना अमेरिकेत विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि प्रोग्रेसिव्ह रॉकमधल्या मोजक्या टिकाऊ कृतींत आज तिची गणना होते. अशा अल्बमची जुनी तबकडी संगणकात उतरवायची, तर काय जपावं आणि काय टाकावं, हा या लेखाचा विषय आहे. त्यावर माझं मत ठाम आहे: सफाई करायची ती तबकडीची, ध्वनीची शक्यतो नाही, आणि तबकडीची एक बाजू हे त्या संगीताचं एकक मानून ते एकसंध ठेवायचं.

पहिला आक्षेप उघड आहे. हा अल्बम सीडीवर मिळतो, मोबाइलवर ऐकता येतो, २०१२मध्ये चाळिसाव्या वर्षानिमित्त स्टीव्हन विल्सनने त्याचं नवं मिश्रणही केलं. मग पन्नास वर्षं जुन्या प्लास्टिकच्या चकतीमागे कशाला लागायचं? विल्सनचं काम उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याने मूळ बहुपदरी टेपवरून प्रत्येक वाद्याचा आवाज नव्याने तोलला आहे. ऑर्गन किती पुढे, गिटार किती मागे, हे निर्णय २०१२चे आहेत. १९७२ साली श्रोत्यांच्या हाती पडलेली कृती वेगळी होती आणि ती केवळ टेपवरही नव्हती. मिश्रण झालेल्या टेपवरून लॅकरच्या चकतीवर खाच कोरताना कोरणारा तंत्रज्ञ आणखी काही निर्णय घेत असे. आवाज मोठा ठेवला की खाचा रुंद होतात आणि जागा संपते, म्हणून बावीस मिनिटांच्या बाजूसाठी पातळी जरा खाली आणणं आलं. फार खोल खर्ज सुईला उडवतो, म्हणून तो आवरणं आलं. इंग्लंडमध्ये क्रिसालिसच्या हिरव्या लेबलाची तबकडी निघाली आणि अमेरिकेत रिप्राइजची, म्हणजे कोरणीही एकच नव्हती. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक पाहून हातातली प्रत कोणत्या साच्याची, हे कळतं. मूळ टेप उगमाच्या अधिक जवळ असते, हे खरं. पण प्रकाशित झाली ती तबकडी, आणि ग्रंथालयात छापील पहिली आवृत्ती जपताना आपण लेखकाचं हस्तलिखित उपलब्ध असल्याचं कारण देऊन ती रद्दीत घालत नाही.

आता बाजूचा मुद्दा. संगणकात उतरवलेल्या एलपीचे बहुतेक लोक लगेच तुकडे पाडतात, कारण सॉफ्टवेअरला आणि फोनला 'ट्रॅक' हवे असतात. सुट्या गाण्यांच्या संग्रहाचं त्यात फार बिघडत नाही. इथे बिघडतं. 'थिक ॲज अ ब्रिक'मध्ये सुरुवातीची गिटारची धून मागाहून वेगळ्या वेगात, वेगळ्या वाद्यांवर परत येते. ती ओळखू येण्यासाठी मधला काळ सलग ऐकलेला असावा लागतो. येस या बँडच्या १९७३च्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'मध्ये तर बाजू हाच रचनेचा पाया आहे. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या शास्त्रग्रंथांविषयीच्या एका तळटीपेवरून येसचा गायक जॉन अँडरसन याला कल्पना सुचली आणि चार प्रकारच्या शास्त्रांसाठी दोन तबकड्यांच्या चार बाजू, प्रत्येकीवर एकच रचना, अशी आखणी झाली. आपल्याकडच्या श्रोत्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. अमीर खाँसाहेबांच्या एलपीवर एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आहे. त्या मारव्याचे चार तुकडे करावेत, असं कोणाला वाटणार नाही. राग ज्याला कळतो त्याने रॉकच्या या शाखेलाही तोच न्याय द्यावा. विशिष्ट जागी पोहोचायची सोय हवीच असेल तर फाइल न कापता तिच्यात खुणा ठेवता येतात.

बाजू तशीच ठेवली की तिच्या मर्यादाही सोबत येतात. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण कडेच्या फेऱ्यात सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ पोहोचेपर्यंत तीच लांबी २१-२२ सेंटिमीटरवर येते. म्हणजे तेवढाच ध्वनी निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरलेला असतो. बाजूच्या अखेरीस 'स'कार फाटल्यासारखे आणि झांजा चिरकल्यासारख्या ऐकू येतात त्या यामुळे. नंतर कितीही गणित केलं तरी हा दोष पूर्णपणे निघत नाही. तो मुळातच कमी करावा लागतो, आणि त्याला उपाय सुईचा. गोल टोकाची सुई या दाट वळणांत नीट शिरत नाही. लंबगोल किंवा त्याहून बारीक कडेची सुई, कार्ट्रिजच्या निर्मात्याने सांगितलेला भार आणि टोनआर्मची अचूक जुळणी, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. तबकडीचं भोक किंचित मध्याबाहेर असेल तर प्रत्येक फेऱ्याला सूर वरखाली डोलतो. पियानोचे लांबवलेले स्वर ते लगेच उघड करतात. धुण्याचं कामही याच टप्प्यावर करायचं असतं. खाचेत बसलेली धूळ आणि बोटांचा तेलकटपणा डिस्टिल्ड वॉटर व सौम्य द्रावणाने काढून, ते पाणी शोषून घेणाऱ्या यंत्रावर तबकडी कोरडी केली, की आपण ज्याला 'जुन्या रेकॉर्डची खरखर' म्हणतो त्यातला मोठा वाटा निघून जातो. जी उरते ती ओरखड्यांची आणि झिजेची.

या उरलेल्या खरखरीचं काय करायचं, यावरच खरा मतभेद आहे. आवाज-शुद्धीची सॉफ्टवेअरं आज सहज मिळतात आणि बटण दाबताच पार्श्वभूमी काळीभोर होते. ती चालतात कशी, हे पाहिलं की धोका कळतो. सतत चालणारी सरसर काढताना सॉफ्टवेअर शांत जागेवरून तिचा नमुना घेतं आणि प्रत्येक कंप्रता-पट्ट्यातून तेवढी रक्कम वजा करतं. टिकटिक काढताना ते मिलिसेकंदाच्या आसपासचा अचानक उसळलेला भाग शोधून शेजारच्या आवाजावरून तिथे अंदाजाने भर घालतं. आता इयन अँडरसनची बासरी आठवावी. रोलंड कर्क या जॅझ वादकाच्या वळणाची ती बासरी निव्वळ सुरांची नाही. तिच्यात फुंकरीचा फरारा आहे, वाजवतानाच गुणगुणणं आहे, जिभेचे आघात आहेत. ध्वनिशास्त्राच्या भाषेत फुंकर म्हणजे विस्तृत पट्ट्यात पसरलेला कोलाहलच, आणि तो सरसरीच्या नमुन्याशी बराच जुळतो. जिभेचा आघात, गिटारच्या तारेवर पडलेला प्लेक्ट्रम, बॅरीमोर बार्लोच्या ड्रमवर पडलेली काठी, या सगळ्यांची सुरुवात टिकटिकीसारखीच तीक्ष्ण असते. सॉफ्टवेअरला संगीत कळत नाही, त्याला आकार दिसतो. अल्बमची सुरुवात नाजूक गिटार आणि बासरीने होते. खरखर तिथेच सर्वाधिक टोचते, म्हणून बटण दाबायचा मोह तिथेच होतो आणि नुकसानही तिथेच सर्वाधिक होतं. शिवाय ऐकू येणारी सगळी सरसर तबकडीची नसते. थोडी १९७१च्या चुंबकीय टेपची असते, म्हणजे ती मूळ ध्वनिमुद्रणाचाच भाग आहे.

यावर कोणी म्हणेल, की हा खरखरीचा निव्वळ लळा आहे. तसं नाही. ओरखडा अँडरसनने घातलेला नाही; तो कानाला त्रास देतो आणि काढला तर बरंच. माझं म्हणणं क्रमाविषयी आहे. आधी एक प्रत काहीही न काढता, जशी सुईखालून आली तशी, कायमची ठेवावी. मग दुसऱ्या प्रतीवर एकेक ठळक टिकटिक डोळ्यांनी लहरीत शोधून, कानाने खात्री करून हाताने दुरुस्त करावी. पूर्ण बाजूला सरसकट गाळणी लावू नये. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रहालय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वंही मूळ हस्तांतरण असंस्कारित ठेवायला सांगतात, आणि निदान ४८ किलोहर्ट्‌झ नमुनादर व २४ बिट हे मान पाळून शक्यतो ९६ किलोहर्ट्‌झवर जाण्याची शिफारस करतात. माणसाचा कान २० किलोहर्ट्‌झच्या पुढे ऐकत नाही, मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न इथे हमखास येतो आणि तो रास्त आहे. निव्वळ ऐकण्यासाठी सीडीचं ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि १६ बिट हे मान एलपीला पुरून उरतं. पण टिकटिकीची ऊर्जा फार वरच्या कंप्रतांपर्यंत पसरलेली असते. वरच्या दराने ती लहरीत अरुंद आणि सुटी दिसते, त्यामुळे शेजारच्या संगीताला धक्का न लावता काढता येते. २४ बिटचा फायदाही व्यवहारी आहे: ओरखड्याचा आवाज कधीकधी संगीतापेक्षा मोठा असतो, म्हणून वर सहा-एक डेसिबल जागा सोडावी लागते, आणि २४ बिटमध्ये ती सोडूनही हलक्या जागांचं काही बिघडत नाही. ९६ किलोहर्ट्‌झ व २४ बिट या मानाने एका मिनिटाला सुमारे ३५ मेगाबाइट, म्हणजे पूर्ण अल्बमला दीड गिगाबाइट जागा लागते. फ्लॅकसारख्या पद्धतीने कणभरही न गमावता ती आणखी कमी होते. एमपी३ करायची असेल तर ती यावरून काढलेली नक्कल, मूळ नव्हे.

आणखी एक तांत्रिक गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते. एलपीवर खर्ज मुद्दाम दाबून आणि तार सप्तक उचलून कोरलेलं असतं, दोन्ही टोकांना सुमारे २० डेसिबलपर्यंत. ठरलेल्या आरआयएए वक्रानुसार प्रीअँप ते उलटवून पूर्ववत करतो. हा वक्र १९५४पासून रूढ झाल्याने १९७२च्या तबकडीबाबत संशयाला जागा नाही. त्याआधीच्या तबकड्यांना हाताळताना मात्र शोध घ्यावा लागतो. वक्र सुधारून झाल्यावर 'जरा खर्ज वाढवू, आवाज मोठा करू' ही इच्छा बाजूला ठेवलेली बरी. हलक्या आणि दणदणीत जागांमधलं अंतर मिटवलं, तर ४४ मिनिटांची रचना सपाट होते.

कायद्याचा भाग थोडक्यात. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे या मुद्रणावर तो २०३२च्या अखेरीपर्यंत आहे, आणि रचनेवरचा हक्क त्याहून दीर्घ. खासगी वापर आणि संशोधन यांना भारतीय कायदा रास्त व्यवहाराची मुभा देतो. उतरवलेली फाइल वाटत सुटायला देत नाही. हा भेद पाळणं संग्राहकाच्याच हिताचं आहे, कारण अशा कामाला उघडपणे मान मिळायचा असेल तर ते स्वच्छ हवं.

राहिलं वेष्टन. 'थिक ॲज अ ब्रिक' ज्यात गुंडाळून आला ते १२ पानांचं खोटं स्थानिक वर्तमानपत्र होतं, 'सेंट क्लीव्ह क्रॉनिकल', ७ जानेवारी १९७२चा अंक. पहिल्या पानावर जेराल्डची बातमी. आत गावगप्पा, शब्दकोडं, जाहिराती, त्याची संपूर्ण कविता आणि खुद्द या अल्बमचं परीक्षण. गाण्यातला मुलगा कोण, त्याच्या कवितेवरून कसलं वादळ उठलं, हे त्या पानांतच कळतं. नुसत्या ध्वनीत नाही. सीडीच्या चौकोनात हे वर्तमानपत्र इतकं आकसलं, की ते वाचणं मुश्कील झालं. म्हणून ज्याच्याकडे मूळ प्रत शाबूत आहे त्याने प्रत्येक पान पूर्ण आकारात, निदान ३०० डीपीआयवर, घड्या आणि पिवळेपणासह स्कॅन करून ध्वनीच्या फाइलशेजारी ठेवावं; आणि त्यासोबत एका साध्या मजकुराच्या फाइलीत लेबल, पट्ट्यावरचा क्रमांक, सुईचा प्रकार आणि भार, प्रीअँप, दर, बिट, आणि दुसऱ्या प्रतीत नेमकं कुठे काय दुरुस्त केलं त्याची वेळेनुसार नोंद लिहावी. उद्या कोणाला १४व्या मिनिटाला बासरीची फुंकर दबल्यासारखी वाटली, तर ती अँडरसनने दबवली, कोरणाऱ्याने की आपण, हे त्या नोंदीवरून आणि न छेडलेल्या पहिल्या प्रतीवरून त्याला तपासता येईल.