संकेतस्थळ बांधून घेताना

‘वेबसाइट करायची आहे, किती पैसे पडतील?’ एवढा एकच प्रश्न विचारणारा फोन आम्हांस आठवड्यातून दोनतीनदा तरी येतो. त्यावर आम्ही आकडा सांगत नाही, तेव्हा पलीकडच्या गृहस्थास वाटते की हा माणूस किंमत वाढवून सांगण्यासाठी वेळ काढतो आहे. वस्तुतः कापड न पाहता आणि माप न घेता शिवणावळ सांगणाऱ्या शिंप्याकडे आपण जात नाही. मग येथेच घाई का व्हावी? याचे कारण आमच्या मते असे, की संकेतस्थळ ही विकत घेण्याची तयार वस्तू आहे अशी पुष्कळांची समजूत असते. आज येथे जमलेल्या मंडळींत दुकानदार आहेत, संस्थांचे चिटणीस आहेत, डॉक्टर आहेत. त्यांपैकी कित्येकांना हे काम आमच्यासारख्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या माणसाकडून कधी ना कधी करून घ्यावे लागणार आहे. तेव्हा ते काम कसे चालते आणि कोठे बिघडते, हे थोडे विस्ताराने सांगितले तर उपयोगाचे होईल.

संकेतस्थळात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे नाव, अर्थात पत्ता. तो वर्षाच्या बोलीने नोंदवावा लागतो. दुसरी म्हणजे जागा. अहोरात्र चालू असणाऱ्या एखाद्या संगणकावर, ज्याला सर्व्हर म्हणतात, ती भाड्याने घ्यावी लागते. तिसरी म्हणजे प्रत्यक्ष पाने. नाव एका ठिकाणचे, जागा दुसऱ्या ठिकाणची आणि पाने तिसऱ्याने केलेली, असे खुशाल असू शकते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत या जाळ्याची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ते तंत्र कोणत्याही शुल्काशिवाय सर्वांस खुले केले. त्यामुळेच आमच्यासारख्या एकट्या माणसाला कोणाचा परवाना न काढता घरच्या टेबलावर हा धंदा करता येतो. त्यामुळेच, हेही कबूल केले पाहिजे, हा धंदा कोणीही करू शकतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मिरजेचे तंतुवाद्ये करणारे एक कारागीर आपल्या मुलाबरोबर आमच्याकडे आले. मिरजेच्या सतारीची व तंबोऱ्याची कीर्ती सांगावयास नको. २०२४ साली या वाद्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले. वडिलांचे म्हणणे थोडक्यात होते: ‘चांगले करा, शोभले पाहिजे.’ मुलाने मात्र यादीच आणली होती. पान उघडताच तंबोरा वाजला पाहिजे, अक्षरे सरकत आली पाहिजेत, आणि अमक्या दुकानाचे आहे तसेच हुबेहूब पाहिजे. पान उघडताच वाजणाऱ्या सुराविषयी आम्ही एवढेच म्हणालो, की रात्री घरची माणसे झोपल्यावर पान उघडणाऱ्यास तो सूर गोड वाटणार नाही. शिवाय आता बहुतेक ब्राउझर आपण होऊन आवाज वाजू देतही नाहीत. बाकीच्या यादीवर वाद न घालता आम्ही त्यांना एक वही दिली. पंधरा दिवस दुकानात फोनवरून, पत्राने किंवा प्रत्यक्ष येऊन जो कोणी जे काही विचारील, ते त्याच्याच शब्दांत या वहीत उतरवून ठेवा, एवढे सांगितले.

वही परत आली तेव्हा तिच्यात कारागिरीच्या परंपरेविषयी एकही प्रश्न नव्हता. काळी एकचा तंबोरा आहे का, काळी पाचचा किती दिवसांत मिळेल. मर्दानी आणि जनानी तंबोऱ्याच्या लांबीत फरक किती. विमानाने पाठवताना भोपळा फुटला तर भरपाई कोण देणार. जवारी बिघडली तर मिरजेलाच यावे लागेल का. डावखुऱ्याची सतार करता का. असे हे प्रश्न होते, आणि पाठवणीचा प्रश्न तर जवळजवळ प्रत्येक पानावर होता. मुलगा वही चाळत म्हणाला, ‘हे तर आम्ही रोजच सांगतो!’ हेच तर आम्हांस हवे होते. जे रोज तोंडी सांगावे लागते ते संकेतस्थळाने सांगितले पाहिजे. तेव्हा मुखपृष्ठावर घराण्याचा इतिहास न येता वाद्यांची मापे, पट्टी, तयार होण्यास लागणारा काळ आणि लाकडी पेटीत वाद्य कसे बसवतात त्याची छायाचित्रे आली. इतिहासाला एक स्वतंत्र पान दिले. वडिलांना ते प्रथम रुचले नाही, हे येथे सांगितले पाहिजे. पणजोबांचा फोटो आत गेला याचे त्यांना वाईट वाटले, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही.

यानंतर अंदाजपत्रक. पाने किती, मजकूर कोणी लिहावयाचा, छायाचित्रे कोणी काढावयाची, फेरफार किती वेळा, काम कोणत्या तारखेस पुरे, हे सारे कागदावर लिहून दोघांनी सह्या करावयाच्या. आमची रीत अशी की एक तृतीयांश रक्कम आगाऊ, एक तृतीयांश आराखडा मान्य झाल्यावर आणि उरलेली काम जगापुढे उघडण्याच्या आदल्या दिवशी. पूर्वी आम्ही ओळखीच्या लोकांकडून लेखी काही घेत नसू. एका गिऱ्हाइकाने ‘जाता जाता एवढे करा’ असे म्हणत म्हणत पाच पानांची बावीस पाने करवून घेतली आणि शेवटी पैसे पाच पानांचेच दिले. त्यात त्याची लबाडी होती असेही आम्हांस वाटत नाही. सीमा कोठे आहे हे त्यास आम्हीच सांगितले नव्हते.

कामाचा सर्वांत मोठा खोळंबा मजकुरामुळे होतो. गिऱ्हाईक म्हणते, ‘तुम्ही आधी डिझाइन दाखवा, मग मजकूर देतो.’ हे म्हणजे पाहुणे किती ते न सांगता मांडव घालावयास सांगण्यासारखे आहे. मिरजेच्या मंडळींनी एक छापील माहितीपत्रक दिले. मजकूर उत्तम होता, परंतु छापखान्यात तो जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये जुळवलेला होता. या फाँटांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेली असतात. तो फाँट नसलेल्या यंत्रावर सगळा मजकूर निरर्थक चिन्हांचा कचरा दिसतो, आणि शोधयंत्रालाही त्यातले काही सापडत नाही. यास्तव तो युनिकोडमध्ये आणावा लागला. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीस तेथे स्वतंत्र घरे आहेत. रूपांतर यंत्राने होते, परंतु रफार आणि जोडाक्षरे हटकून जागा चुकतात, म्हणून एकएक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून आली होती. तेथे नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र आकुंचित होऊन येते आणि तारांची नक्षी पुसट होते. तीच चित्रे डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवली तेव्हा कोठे भोपळ्यावरचे नक्षीकाम दिसू लागले.

आराखडा आम्ही आधी कागदावर पेन्सिलीने काढतो, तोही मोबाइलच्या चिंचोळ्या पडद्यापुरता. बहुतेक गिऱ्हाइके पान पाहणार ती तेथेच; अरुंद जागेत जे नेटके बसते ते पुढे रुंद पडद्यावर पसरता येते, उलट करणे कठीण. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे इंग्रजीपेक्षा दोन ओळींत अधिक अंतर लागते. इंग्रजीसाठी केलेला तयार साचा तसाच उचलला की मराठी मजकूर गर्दीतल्या माणसांसारखा एकमेकांच्या अंगावर पडतो. फिकट करड्या अक्षरांचीही हल्ली फॅशन आहे. तरुण डिझायनरास ती सुंदर दिसते, साठीच्या वाचकास दिसतच नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक एवढे प्रमाण असावे, असा सर्वमान्य दंडक आहे.

आराखडा दाखवला की मते येतात. मुलाला निळा हवा, मेव्हण्याला सोनेरी, मुंबईच्या भाच्याला काळा. त्यासाठी करारातच एक नाव लिहून घ्यावे: शेवटचा शब्द कोणाचा? आणि अभिप्राय मागताना ‘आवडले का?’ असे विचारू नये. ‘पुण्याच्या एका शिक्षिकेला काळी पाचचा तंबोरा हवा आहे, तो या पानावर शोधून दाखवा,’ असे सांगावे. आम्ही वडिलांच्या हातात मोबाइल दिला. त्यांना तंबोरा सापडला, परंतु फोन करावयाचे बटण सापडेना. ते बटण आम्ही मोठे करून खाली अंगठ्याशी आणले.

आता ज्या गोष्टीसाठी हा सारा प्रपंच केला ती सांगतो. या घराण्याचे आधी एक संकेतस्थळ होते. ओळखीच्या एका मुलाने ते हौसेने करून दिले आणि नावाची नोंद सोयीसाठी स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच ईमेलवर केली. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला आणि त्याचा तो ईमेल बंद पडला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. ‘डॉट कॉम’च्या नावाची मुदत संपली तरी ते लगेच जात नाही, नूतनीकरणाला सवलतीचे काही दिवस असतात, ते गेल्यावर जादा पैसे भरून सोडवून घेण्यास तीस दिवस मिळतात, आणखी पाच दिवसांनी मात्र ते कोणासही घेता येते. येथे ते दुसऱ्याच कोणी घेतले. परंतु दरम्यानच्या वर्षांत तोच पत्ता छापलेली चिठ्ठी प्रत्येक वाद्यावर चिकटवली जात होती. ती वाद्ये परदेशातही गेली आहेत. आज एखाद्याने जवारीसाठी तो पत्ता उघडला तर तेथे भलत्याच गोष्टींच्या जाहिराती दिसतात, आणि त्या चिठ्ठ्या आता परत बोलावता येत नाहीत.

म्हणून आम्ही नावाची नोंद कधीही आमच्या नावाने करीत नाही. गिऱ्हाइकाने शेजारी बसावे, त्याच्या ईमेलने, त्याच्या पैशाने नोंद व्हावी. जमल्यास एकदम काही वर्षांची करावी. दहा वर्षांपर्यंत करता येते. जागेच्या भाड्याचेही तसेच. पानांच्या हक्काचा मुद्दा थोडा निराळा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने केलेल्या रचनेचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, सामान्यतः तो करणाराच असतो. पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा मात्र काढवून घेणारा. हक्क दुसऱ्यास द्यावयाचे तर ते लेखी द्यावे लागतात, आणि लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात. पैसे दिले म्हणजे सारे आपले झाले असे समजणाऱ्या पुष्कळांना हे ऐकून धक्का बसतो. तेव्हा करारात हे एक वाक्य घालून मागावे. प्रामाणिक कारागिरास त्याचा राग येणार नाही.

काम पुरे झाल्यावर आम्ही एक बंद लिफाफा देतो. त्यात नाव कोठे नोंदले आहे, जागा कोठे आहे, मुदत कधी संपते आणि आत जाण्याची सगळी परवलीची अक्षरे असतात. मिरजेच्या वडिलांनी तो लिफाफा दुकानाच्या कागदपत्रांच्या पेटीत ठेवला. मुलाने नव्या पत्त्याच्या चिठ्ठ्या छापून आणल्या, आणि दुरुस्तीसाठी जे जे जुने वाद्य दुकानात येते त्यावरची आधीची चिठ्ठी सोलून तेथे नवी लावण्याचे काम आता तो स्वतः करतो.