एक्स-रेची फिल्म, रिकामी रिफिल आणि एक शुभेच्छापत्र

लग्नपत्रिका हातात आली की मजकूर वाचण्याआधीच अनेकांचा अंगठा वरच्या गणपतीवर फिरतो. कागदातून किंचित वर आलेला, कधी सोनेरी तर कधी कागदाच्याच रंगाचा हा गणपती म्हणजे एम्बॉसिंगचा घरोघरी पोचलेला नमुना. छापखान्यात तो दोन साच्यांमध्ये कागद दाबून उठवतात. एका साच्यात आकृती खोल कोरलेली असते, दुसऱ्यावर तीच आकृती वर आलेली असते, आणि मधला कागद दाबाखाली त्या खोलगट भागात शिरतो. हेच काम घरच्या टेबलावर, हातानेही करता येते. एक्स-रेची जुनी फिल्म, शाई संपलेले बॉलपेन आणि ऊन येणारी खिडकी एवढ्यावर सुरुवात होते.

यातले दुसरे अंग म्हणजे स्टेन्सिल, आणि ती तर अंगणातच आहे. लक्ष्मीची पावले किंवा कमळ उमटवणारा रांगोळीचा छाप ही स्टेन्सिलच. मथुरा-वृंदावनाकडची सांझी कला याच तत्त्वावर उभी आहे. तिथे कारागीर बारीक कात्रीने कागदात राधाकृष्णाचे प्रसंग कापतात आणि त्या कापलेल्या जागांतून रंगीत भुकटी खाली सोडतात. जिथे कापले आहे तिथून रंग जातो, बाकी ठिकाणी अडतो. शुभेच्छापत्रात मात्र त्याच कापलेल्या जागेतून कागदालाही वर काढता येते, आणि खरी मजा इथे आहे.

पद्धत अशी. कोऱ्या कार्डाच्या दर्शनी बाजूवर स्टेन्सिल ठेवायची, हलू नये म्हणून चिकटपट्टीचे दोन तुकडे लावायचे आणि दोन्ही एकत्र उलटे करून खिडकीच्या काचेवर टेकवायचे. बाहेरच्या उजेडाने कापलेली आकृती कागदातून उजळून दिसते. मग त्या उजळ भागाच्या कडेकडेने बोथट, गोल टोक फिरवायचे. क्रोशाच्या सुईचे मागचे टोक पहिल्या फेरीला चांगले. बारीक कोपऱ्यांसाठी रिकामी रिफिल. कागदाच्या पाठीवर मेणबत्ती हलकेच घासून घेतली तर टोक अडखळत नाही. आतला सगळा भाग घोटत बसण्याची गरज नसते. कडा नीट दबली की मधला कागद आपोआप फुगीर दिसतो. पहिल्याच फेरीत जोर लावला तर कागद फाटतो. तीन-चार हलक्या फेऱ्यांत तो हळूहळू ताणला जातो आणि स्टेन्सिलच्या जाडीइतका वर येतो. सुलटे करून पाहिले की कोऱ्या पांढऱ्या कागदावर पांढरेच कमळ उभे असते.

स्टेन्सिल उलटी लागली तर अक्षरेही उलटी उमटतील, ही नवशिक्यांची धास्ती. दर्शनी बाजूवर स्टेन्सिल सुलटी वाचता येईल अशी लावली आणि मगच कार्ड उलटे केले, तर चुकायला जागा नाही. पाठीमागून काम करताना अक्षरे आरशातल्यासारखी दिसतात, पण पुढून ती सरळच उमटतात.

पितळी स्टेन्सिल बाजारात तयार मिळतात आणि त्या टिकाऊही असतात. तरी एक्स-रेची फिल्म सोडवत नाही. ती पाण्याने भिजत नाही, कातरताना चिरत नाही आणि धार स्वच्छ ठेवते. ब्लीचच्या पाण्यात ठेवली की तिच्यावरचा काळा थर सुटतो. त्या वेळी हातमोजे घालावेत. थर तसाच ठेवला तरी या कामात फायदाच होतो. फिल्म गडद असली की कापलेली जागा खिडकीत अधिक लख्ख दिसते. एकेरी फिल्म पातळ पडते, म्हणून एकाच आकृतीच्या दोन फिल्मा एकमेकींवर चिकटवल्या तर उठाव चांगला येतो.

कागदाची निवड इथे फार महत्त्वाची. कागदाचे वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो ते. हाताने उठवायला २०० ते २५० जीएसएमचे कार्डशीट सोयीचे. त्याहून पातळ असेल तर उठाव टिकत नाही, फार जाड असेल तर मनगट थकते. गुळगुळीत चकचकीत कागदावर वरचा लेप तडकतो. सुती चिंध्यांपासून बनवलेला हातकागद मात्र या कामासाठीच जन्मल्यासारखा वागतो, कारण कापसाचे लांब तंतू तुटण्याआधी बरेच ताणले जातात. महाराष्ट्रात असा कागद शोधायला लांब जावे लागत नाही. पुण्यात शिवाजीनगरला महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याला तर हाताने कागद बनवण्याची कित्येक शतकांची परंपरा आहे.

पांढऱ्यावर पांढरा उठाव सुंदर दिसतो, पण त्याला तिरका उजेड लागतो. टपालाच्या इतिहासात याचे एक नामी उदाहरण आहे. १ जुलै १८५२ रोजी सिंधमध्ये, जो तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता, बार्टल फ्रिअर यांच्या पुढाकाराने ‘सिंध डाक’ तिकिटे सुरू झाली. आशियातली ही पहिली टपाल तिकिटे मानली जातात, आणि ती छापलेली नव्हती, उठवलेली होती. वर्तुळात ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह आणि अर्ध्या आण्याची किंमत. आधी ती लाल लाखेसारख्या चकतीवर उठवली. ती ठिसूळ निघाली, तडकू लागली. मग पांढऱ्या कागदावर नुसता उठाव दिला. तो दिव्याच्या मंद उजेडात दिसेना. शेवटी उठावाला निळ्या रंगाची जोड द्यावी लागली.

घरी कार्ड करणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो, कारण पाहणारा ते बहुधा ट्यूबलाइटखाली धरतो आणि वरून सपाट पडणाऱ्या त्या उजेडात सावलीच उरत नाही. उत्तरही सिंध डाकेनेच दिलेले आहे: थोडा रंग. कार्ड उलटे करण्याआधी, स्टेन्सिल जागेवर चिकटलेली असतानाच कोरड्या स्पंजने रंग थोपटून घ्यायचा. रंग स्पंजावर घेतला की आधी रद्दीवर टिपायचा, कारण ओला स्पंज लावला तर रंग स्टेन्सिलखाली झिरपतो. तो वाळला की मगच कार्ड फिरवायचे आणि उठवायचे. स्टेन्सिल हललेली नसल्याने रंग आणि उठाव तंतोतंत जुळतात. कडेला गडद आणि मध्यावर फिका रंग ठेवला तर आकृती आहे त्याहून अधिक उंच वाटते.

रंगाशिवाय उठाव देण्याचे सगळ्यात नाजूक काम जपानी चित्रछपाईत पाहायला मिळते, आणि त्याचा शुभेच्छांशी थेट संबंध आहे. १७६५ च्या नववर्षाला एदोमधल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, रसिकांनी एकमेकांना भेट देण्यासाठी चित्रमय दिनदर्शिका करवून घेतल्या होत्या. त्यातून नावारूपाला आलेल्या सुझुकी हारुनोबू याच्या चित्रांत बर्फ किंवा कपड्यांवरची वीण अनेकदा शाईने दाखवलेलीच नाही. कोरलेल्या ठोकळ्याला शाई न लावता त्यावर ओलसर कागद ठेवून मागून दाबत आणि ती जागा नुसती उठवत. पांढरा बर्फ दाखवायला पांढरा कागद पुरेसा आहे, ही समज आजच्या चमकीने मढवलेल्या कार्डांना शिकवण्यासारखी आहे. एका कार्डावर एकच उठावदार आकृती आणि भोवती भरपूर मोकळी जागा, एवढे पथ्य पाळले तरी काम निम्म्याहून अधिक साधते.

मराठी कार्ड करायचे तर पुढची पायरी अक्षरांची, आणि ही सगळ्यात अवघड. इंग्रजी अक्षरांच्या स्टेन्सिल सहज मिळतात. देवनागरीची बहुधा स्वतःच कापावी लागते. ‘शुभ दीपावली’ कापायला घेतले की अडचण लगेच समोर येते. ‘व’च्या पोटातला तुकडा सुटून बाहेर पडतो आणि कागदावर भरीव गोळा उमटतो. ‘प’ शिरोरेषेमुळे वरून बंद होतो, म्हणून त्याचेही तेच. ‘दी’ची वेलांटी वरच्या बाजूला आणखी एक बंद घर करते. म्हणून अशा प्रत्येक बंद जागेला बाहेरच्या फिल्मशी जोडणारी दीड-दोन मिलिमीटरची पट्टी न कापता ठेवावी लागते.

शिरोरेषेचा त्रास वेगळाच. ती सलग कापली तर एक लांबलचक फट तयार होते आणि दोन अक्षरांमधल्या पट्ट्या फक्त खालून जोडलेल्या राहतात. त्यांची मोकळी टोके रिफिलमध्ये अडकून वाकतात. उपाय म्हणजे शिरोरेषा दोन-तीन ठिकाणी तोडणे. पोत्यांवरच्या आणि लाकडी खोक्यांवरच्या अक्षरांत अशा तुटक रेषा असतात, त्या याच कारणाने. हवे तर नंतर बारीक कुंचल्याने त्या जोडता येतात, पण तुटक रेषेलाही एक रुबाब असतो आणि ती तशीच ठेवलेली अनेकांना आवडते. कापताना आधी आतले लहान तुकडे काढावेत आणि बाहेरची मोठी रेषा शेवटी घ्यावी, म्हणजे फिल्म शेवटपर्यंत ताठ राहते. वळणावर कटर फिरवण्याऐवजी फिल्म फिरवावी. पाते नवे हवे. बोथट पाते जास्त घसरते आणि बोटाला तेच लागते. लहान मुलांकडे कापण्याचे काम देऊ नये, रंग आणि उठाव त्यांच्याकडे खुशाल सोपवावा.

एम्बॉसिंगची दुसरी तऱ्हा उष्णतेची. यात कागद वर येत नाही, त्यावर राळेसारख्या पदार्थाची बारीक पूड वितळून थर उभा राहतो. उशिरा वाळणाऱ्या चिकट शाईने ठसा मारायचा, त्यावर पूड भुरभुरायची, जास्तीची झटकून पुन्हा डबीत भरायची आणि हीट गनने ऊब द्यायची. काही सेकंदांत भुरकट पूड वितळून आरशासारखी चमकू लागते. केस वाळवण्याचा ड्रायर इथे चालत नाही, कारण त्याची उष्णता कमी पडते आणि वारा पूड उडवून लावतो. बोटांचा घाम लागलेल्या जागीही पूड चिकटते, म्हणून आधी कागदावरून टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवावी. पूड वितळताच ऊब थांबवावी. जास्त तापली तर ती कागदात मुरते आणि तेलकट डाग राहतो. खिडकी उघडी असावी आणि हे काम मोठ्यांनीच करावे. लाखोटे आणि व्हिजिटिंग कार्डांवरची उंच, चकचकीत अक्षरे अनेकदा याच पद्धतीची असतात.

उठावाच्या कार्डाचा सगळ्यात मोठा गुण दृष्टिहीन माणसाला कळतो. लुई ब्रेल याने १८२९ साली प्रसिद्ध केलेली सहा ठिपक्यांची लिपी म्हणजे एम्बॉसिंगच, आणि तीही कागदाच्या पाठीवरून, उजवीकडून डावीकडे टोचून लिहिली जाते. भारतीय भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ठरली. तिच्यात ‘शुभ’ हा शब्द तीन घरांत, आठ ठिपक्यांत बसतो. मात्र हे ठिपके अंदाजाने मोठे-लहान टोचून भागत नाही. दोन ठिपक्यांमधले अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते, आणि ते चुकले तर बोटाला अक्षर लागत नाही. म्हणून ब्रेल पाटी आणि तिची टोचणी वापरावी, आणि लिहिलेले ब्रेल जाणणाऱ्या माणसाकडून वाचवून घ्यावे. खाली एखादी उठवलेली पणती जोडली तर ते कार्ड पूर्णपणे त्या व्यक्तीचे होते. दुकानात असे कार्ड क्वचितच मिळते, म्हणून घरी करणाऱ्याने ते अगत्याने करावे.

शुभेच्छापत्राचा बाजारही हाताच्या कामावरच उभा राहिला. लंडनमध्ये हेन्री कोल यांनी १८४३ साली जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून करून घेतलेले नाताळचे कार्ड हे व्यापारी स्वरूपातले पहिले मानतात. त्याच्या सुमारे हजार प्रती निघाल्या, प्रत्येकीची किंमत एक शिलिंग. रेषा छापलेल्या होत्या, रंग हाताने भरलेले होते.

तयार कार्ड पाठवतानाही थोडी काळजी घ्यावी लागते. सपाट व्हावे म्हणून ते जाड पुस्तकाखाली दाबून ठेवू नये, उठाव बसतो. घडी घालण्याआधी पट्टी धरून रिकाम्या रिफिलने रेघ ओढावी, म्हणजे कागद फुटत नाही. पाकिटावर तिकीट उजवीकडे वर लागते आणि टपालाचा शिक्का तिथेच आपटतो, म्हणून उठावाची आकृती कार्डाच्या डाव्या-खालच्या भागात घेतलेली बरी. वजनाचे गणितही सोपे आहे. ए-फोर कागद चौरस मीटरचा सोळावा हिस्सा असतो, म्हणजे २४० जीएसएमचे अख्खे ए-फोर कार्ड १५ ग्रॅम भरते. पाकीट धरले की साध्या पत्राच्या पहिल्या टप्प्याची २० ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते आणि जादा तिकीट लागते. अर्ध्या ए-फोरचे घडीचे कार्ड साडेसात ग्रॅमचे, ते निर्धास्त जाते.

यंदाच्या दिवाळीला वीस कार्डांचा संकल्प नको, तीन पुरेत. एक आजी-आजोबांना, एक दूर गेलेल्या मित्राला आणि एक अशा माणसाला, ज्याला गेल्या कित्येक वर्षांत टपालाने काही आलेले नाही. कपाटातली जुनी एक्स-रे फिल्म आजच बाहेर काढा, आणि कार्डे दिवाळीच्या निदान पंधरा दिवस आधी पेटीत टाका.