डबा मुलांबरोबर वाढला का? पाचवी ते दहावीच्या मुलांचा पोटभरीचा डबा

नववीतल्या एका मुलीला घेऊन तिची आई दवाखान्यात आली होती. रोज दुपारी मुलीचे डोके दुखते, क्लासमध्ये झोप येते, जिना चढताना दम लागतो आणि घरी आली की ती चिडचिड करते, अशी तक्रार होती. "मोबाईलमुळेच होतंय हे सगळं, तुम्हीच सांगा हिला," आईने सांगितले.

मी मुलीला सकाळपासून काय काय खाल्ले ते विचारले. सव्वासहाला व्हॅन येते, म्हणून निघताना चहा आणि दोन बिस्किटे. डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, त्यातली एक पोळी मैत्रिणीने खाल्ली. दोन वाजता घरी आल्यावर जेवण, तेही घाईत, कारण तीनला क्लास. तपासणीत पापण्यांची आतली बाजू फिकट दिसली आणि रक्तात हिमोग्लोबिन ९.६ निघाले. या वयाच्या मुलींमध्ये ते किमान १२ असायला हवे.

बोलता बोलता आई सहज म्हणाली, "डबा तर तिसरीत घेतला होता तोच आहे. अजून चांगला टिकलाय."

तिसरीतले मूल आणि नववीतले मूल यांच्या भुकेत फार मोठा फरक असतो. मूल वाढते, बूट वाढतात, गणवेश वाढतो. डबा मात्र आठ वर्षांच्या मुलाच्या मापाचाच राहतो. माझ्याकडे येणाऱ्या अनेक घरांत मी हेच पाहते.

या वयात किती लागते?

साधारण दहाव्या-अकराव्या वर्षी मुलींची आणि बाराव्या-तेराव्या वर्षी मुलांची उंची झपाट्याने वाढू लागते. वाढीचा वेग सर्वात जास्त असतो त्या वर्षी मुलगी ८ सेंटिमीटरच्या आसपास, तर मुलगा ९ ते १० सेंटिमीटर उंच होऊ शकतो. हाडे, स्नायू आणि रक्त सगळेच वाढत असते. त्यासाठी लागणारा माल जेवणातूनच यायचा असतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २८६० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. याच वयाच्या मुलीला सुमारे २४०० कॅलरी आणि ४३ ग्रॅम प्रथिने लागतात. याउलट बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाची गरज सुमारे २११० कॅलरींची असते. म्हणजे ऑफिसात बसणाऱ्या वडिलांपेक्षा आठवीतल्या मुलाला जास्त खायला लागते. "किती खातोस रे!" असे त्याला म्हणण्याआधी हा आकडा आठवावा.

डब्यासाठी एक सोपे माप सरकारी शाळांच्या पोषण आहार योजनेत मिळते. सहावी ते आठवीच्या मुलाच्या दुपारच्या एका जेवणात ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने असावीत, असा तिथला निकष आहे. त्यासाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ७५ ग्रॅम भाजी धरलेली असते.

आता आपला नेहमीचा डबा या मापाशी ताडून पाहू. दोन मध्यम पोळ्या आणि अर्धी वाटी बटाट्याची भाजी यातून साधारण ३५० कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे कॅलरी निम्म्या आणि प्रथिने निम्म्याहूनही कमी.

हाच डबा थोडा बदलला तर?

- तीन पोळ्या: सुमारे ३६० कॅलरी, ९ ग्रॅम प्रथिने
- एक वाटी सुकी मटकीची उसळ: सुमारे १५० कॅलरी, ७ ग्रॅम प्रथिने
- दोन चमचे दाण्याची चटणी: सुमारे ७० कॅलरी, ३ ग्रॅम प्रथिने
- एक केळे: सुमारे १०० कॅलरी, १ ग्रॅम प्रथिने

बेरीज ७०० कॅलरींच्या जवळ आणि प्रथिने २० ग्रॅम. यात महागडे काहीच नाही आणि प्रोटीन पावडरही नाही. मुलगा खेळणारा असेल तर चौथी पोळी घाला. हे आकडे एकदा अंदाज येण्यापुरते आहेत. रोज मोजत बसायची गरज नाही.

खाल्ले तरी तासाभरात भूक का लागते?

बिस्किटे, ब्रेड-जॅम, नूडल्स, नुसता साखर घातलेला शिरा हे पदार्थ लवकर पचतात. त्या वेळी पोट भरल्यासारखे वाटते, पण ती भावना टिकत नाही. प्रथिने, चोथा आणि थोडे तेल-तूप असलेले जेवण जठरातून हळूहळू पुढे सरकते, म्हणून ते जास्त वेळ पुरते. डबा भरताना चार गोष्टी आहेत ना, एवढे पाहायचे:

१. पोळी, भाकरी, थालीपीठ, भात यांपैकी काहीतरी, भूक भागेल एवढे.
२. कडधान्य, डाळ, अंडे, पनीर, सोयाबीन, चिकन यांपैकी काहीतरी. याला मुख्य पदार्थ समजावे, तोंडी लावणे नव्हे.
३. भाजी किंवा कोशिंबिरीसारखे काकडी-गाजर.
४. एक फळ.

दुसरा मुद्दा बहुतेक घरांत सुटतो. "भाजी दिली आहे" म्हटले की डबा पूर्ण झाला असे वाटते. पण बटाटा, दुधी किंवा कोबीच्या भाजीत प्रथिने फार कमी असतात. कोबीत मूठभर चणाडाळ, दुधीत मूगडाळ, पुलावात सोयाबीनच्या वड्या आणि थालीपीठात बेसन घातले की तोच पदार्थ जास्त वेळ पोटात टिकतो.

मुलींच्या डब्यात लोह हवेच

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलांमध्ये तो ३१ टक्के होता. वाढ सुरू असतानाच पाळीही सुरू होते, त्यामुळे मुलींची लोहाची गरज बरीच वाढते. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे.

कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या, बाजरी, हळीव आणि तीळ यांत लोह असते. मात्र शाकाहारातले लोह शरीरात थोडेच शोषले जाते. त्याच्याबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेले तर शोषण वाढते. म्हणून उसळीवर लिंबू पिळा, डब्यात पेरूच्या फोडी किंवा आवळा ठेवा. चहा याच्या उलट काम करतो, म्हणून जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. शाळेतून आल्यावर जेवणाबरोबर चहा घ्यायची सवय अनेक मुलींना असते. ती मोडली तरी बराच फायदा होतो.

सरकारी योजनेत शाळेत आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी देतात. तुमच्या मुलीला मिळत असेल तर ती घेते का, हे विचारा. रिकाम्या पोटी घेतल्याने मळमळते म्हणून अनेक मुली ती टाकून देतात. जेवल्यावर घेतली तर हा त्रास कमी होतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हिमोग्लोबिन बरेच कमी झाले असेल तर नुसत्या आहाराने ते भरून निघत नाही. औषध घ्यावेच लागते. ते पुन्हा घसरू नये यासाठी आहार महत्त्वाचा.

डबा परत का येतो?

"आम्ही सगळं देतो हो, तोच खात नाही," असे पालक सांगतात. मी मुलांशी एकटे बोलते तेव्हा वेगळी कारणे ऐकू येतात.

मधली सुट्टी लहान असते. त्यात हात धुणे, बाथरूम, रांग आणि खेळ. हातात उरतात दहा मिनिटे. अशा वेळी पोळी तोडून रस्साभाजीत बुडवून खाणे जमत नाही. उसळ किंवा भुर्जी पोळीत गुंडाळून दिली की हात न बरबटता पाच मिनिटांत खाऊन होते.

दुसरे कारण लाज. डबा उघडल्यावर येणारा वास, मऊ पडलेली काळपट भाजी, मित्रांनी केलेली थट्टा. आपल्याला हे क्षुल्लक वाटते, पण तेराव्या वर्षी नाही. अंड्याचा किंवा मुळ्याचा वास नको असेल तर तो पदार्थ रात्रीच्या जेवणात घ्या, डब्यात दुसरे द्या.

तिसरे कारण थेट विचारल्याशिवाय कळत नाही. काही मुली आणि हल्ली काही मुलगेही "जाड होऊ" या भीतीने डबा वाटून टाकतात.

म्हणून डबा परत आला की रागावण्याआधी "काय अडलं?" एवढे विचारा. रविवारी मुलांना बरोबर बसवून आठवड्याचे डबे ठरवा. स्वतः निवडलेला डबा परत येण्याची शक्यता कमी. आठवी-नववीतल्या मुलामुलींनी डबा स्वतः भरायला आणि आल्यावर स्वतः घासायला हरकत नाही. डब्याचे काम आईने एकटीनेच का करावे?

पाच दिवसांचा नमुना

- सोमवार: मटकीच्या सुक्या उसळीचे पोळी-रोल, काकडी, पेरू
- मंगळवार: मेथी आणि बेसन घातलेले थालीपीठ, दाण्याची चटणी, केळे
- बुधवार: अंड्याची किंवा पनीरची भुर्जी, पोळ्या, गाजर, संत्रे
- गुरुवार: सोयाबीनच्या वड्या आणि मटार घातलेला पुलाव, लिंबाची फोड, चिकू
- शुक्रवार: मूगडाळीची धिरडी, टोमॅटोची चटणी, हळिवाचा लाडू, एखादे फळ

शाळा लांब असेल किंवा शाळेतून थेट क्लासला जायचे असेल तर दुसरा छोटा डबा लागतोच. मूठभर शेंगदाणे आणि गूळ, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, दाणे-डाळे घातलेले भडंग यातले काहीही चालेल. मूठभर शेंगदाण्यांतून जवळपास ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. हा डबा नसला की भूक वडापाव आणि वेफर्सकडे वळते. जास्त मीठ, साखर आणि चरबी असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवारापासून ५० मीटरच्या आत विकायला २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. पण क्लासच्या बाहेर हा नियम लागू होत नाही. तिथे दप्तरातला डबाच उपयोगी पडतो.

सकाळी मूल काहीच खात नसेल तर जबरदस्ती नको. एक कप दूध आणि केळे किंवा लाडू एवढ्याने सुरुवात करा आणि छोट्या सुट्टीचा डबा थोडा मोठा ठेवा. दुपारच्या अधिवेशनाच्या मुलांनी घरून पूर्ण जेवून निघावे. त्यांचा डबा मग मधल्या वेळच्या खाण्याएवढा पुरतो.

डबा खराब होऊ नये म्हणून

सहाला भरलेला डबा अकरा-बाराला उघडतो. उन्हाळ्यात तेवढ्यात अन्न आंबू शकते. ओल्या नारळाची चटणी, मेयोनीज आणि क्रीम घातलेले पदार्थ उन्हाळ्यात टाळा. पोळ्यांची वाफ जाऊ द्या, मग झाकण लावा. आदल्या दिवशीचा भात रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर तो परतूनही डब्यात देऊ नका. भातात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष गरम केल्याने नष्ट होत नाही. डब्याच्या झाकणातली रबरी रिंग रोज काढून धुवा. पाण्याची बाटली तर मोठी हवीच.

वजन जास्त असेल तर डबा कमी करावा का?

नाही. डबा कमी केला की मूल संध्याकाळी भुकेने व्याकूळ होऊन जे समोर येईल ते खाते. आधी गोड पेये, बिस्किटे, पाकिटातले तळलेले पदार्थ कमी करा आणि खेळायला वेळ द्या. डब्यात प्रथिने आणि भाजी वाढवा. वाढीच्या वयात उपाशी ठेवून वजन उतरवायचा प्रयत्न डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नये.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- वजन कमी होत असेल किंवा वर्षभरात उंची जवळपास वाढलीच नसेल
- सतत थकवा, दम लागणे, फिकटपणा, किंवा माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटणे
- खूप तहान, वारंवार लघवी आणि चांगले खाऊनही वजन उतरणे. हे मधुमेहाचे लक्षण असू शकते, त्याच दिवशी दाखवा
- पाळीत खूप रक्तस्राव होणे, किंवा सुरू झालेली पाळी काही महिने बंद होणे
- जेवण लपवणे, टाकून देणे, जेवल्यावर उलटी काढणे, वजनाची सतत भीती
- वारंवार पोटदुखी, जुलाब किंवा डोकेदुखी

सुरुवातीला सांगितलेल्या मुलीचे डोळे तपासून घेतले, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि चहा जेवणापासून दूर केला. तिला विचारल्यावर तिनेच सांगितले की तिला उसळ आवडते, पण रस्सा दप्तरात सांडतो. त्याच आठवड्यात आईने घट्ट झाकणाचा, तीन कप्प्यांचा मोठा डबा आणला. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झाले होते आणि दुपारची डोकेदुखी थांबली होती. गोळ्या अजून काही महिने चालू ठेवायच्या आहेत.

आज मुलांचा डबा घासायला घ्याल तेव्हा तो एकदा हातात धरून पाहा. तो कितवीत घेतला होता?