केसांचा गुंता

सकाळची वेळ आहे. आई ओट्यावर बसली आहे. पुढ्यात मुलगी बसली आहे. आईच्या हातात फणी आहे. फणी वरून खाली येते. मानेपर्यंत नीट येते. पुढे अडकते. आई ओढते. मुलगी ओरडते, "आई गं! दुखतंय!" आई म्हणते, "गप बस. केस हायेत का केरसुणी?"

असे घरोघर चालते. टाळूजवळचे केस मऊ असतात. टोकाचे केस मात्र काथ्यासारखे राठ होतात. ते पिंजारतात आणि एकमेकांत गुंततात. केस कुरळे असले तर विचारूच नका. असे का होते? यावर काही उपाय आहे काय? आहे. त्याला पैसा फारसा लागत नाही. विजेचे यंत्र तर मुळीच लागत नाही. पण आधी केस म्हणजे काय ते पाहू.

फणीला आलेला एक लांब केस घ्या. त्याचे मुळाकडचे टोक एका हातात धरा. दुसऱ्या हाताची चिमूट मुळाकडून शेंड्याकडे न्या. केस गुळगुळीत लागतो. आता चिमूट उलटी न्या. शेंड्याकडून मुळाकडे न्या. किंचित खरखर लागेल. का बरे? केसाच्या अंगावर अगदी बारीक खवले असतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शक यंत्रातून दिसतात. घरावरची कौले जशी एकावर एक रचलेली असतात, तसे हे खवले असतात. सगळ्यांची तोंडे शेंड्याकडे असतात. कौले नीट बसली की पाणी आत शिरत नाही. खवले नीट बसले की केस मऊ राहतो, चकाकतो. खवले उचकटले की केस राठ होतो.

मग शेंडाच का बिघडतो? हिशेब करा. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साधारण अर्धे बोट. वर्षाला बारा सेंटिमीटर झाले. एखादीचे केस साठ सेंटिमीटर लांब आहेत. तर तिच्या केसाचा शेंडा पाच वर्षांचा जुना आहे! त्याने पाच उन्हाळे पाहिले. पाच पावसाळे पाहिले. पदराचे, उशीचे, डोक्यावरच्या पाटीचे घासणे सोसले. पाच वर्षे रोज वापरलेल्या लुगड्याचे काठ कसे होतात? तसेच ते.

आणखी एक गोष्ट आहे. डोक्याची कातडी स्वतः थोडे तेल सोडते. ते केसावरून खाली उतरते. सरळ केसावरून ते घसरत जाते. कुरळ्या केसाला वळणे फार. घाटातल्या गाडीसारखे तेल वाटेतच अडते. शेंडा कोरडा राहतो. कोरडा, उघडा शेंडा हवेतला ओलावा शोषून घेतो आणि फुगतो. म्हणून आषाढ-श्रावणात केस जास्त पिंजारतात. यात मुलीचा काही दोष नाही. कुरळे केस हा रोगही नाही. ते सरळ करावयाचे नाहीत. ते फक्त गुंतू द्यावयाचे नाहीत.

गुंतू दिले तर काय होते? तुम्ही बुरणूस पाहिला असेल. तो मागावर विणलेला नसतो. लोकर भिजवतात, दाबतात, रगडतात. लोकरीच्या केसालाही असेच खवले असतात. ते एकमेकांत अडकतात आणि घट्ट कापड होते. पुन्हा सुटे होत नाही. माणसाच्या डोक्यावरही हेच होते. घाम, धूळ, तेलाचा चिकटा आणि घासणे. विंचरणे बंद झाले की एका बटेचा बुरणूस होतो. त्यालाच आपण जट म्हणतो.

आमच्या शाळेत एक मुलगी होती. सहावीत होती. केस दाट, कुरळे. आईबाप ऊसतोडीला गेले होते. मुलगी आजीजवळ होती. आजीला नीट दिसत नसे. पोर हुशार, पण आपले आपण विंचरायची नाही. दिवाळीनंतर कानामागे एक बट चिकटली. संक्रांतीपर्यंत ती बोटाएवढी जाड झाली. मग मुलगी शाळेत येईना. आम्ही घरी गेलो. पाहतो तो बटेला हळदकुंकू लावलेले.

आजी म्हणाल्या, "गुरुजी, देवी आलीया. आता फणी लावायची न्हाई. न्हाऊबी घालायचं न्हाई."

आम्ही विचारले, "आजी, देवीने शाळा बंद करायला सांगितली का?"

आजी बोलल्या नाहीत. त्यांना भीती वाटत होती. ती खोटी भीती नव्हती. त्यांच्या लहानपणी त्यांनी पाहिले होते. जट आली म्हणून मुलीला यल्लम्माला सोडत. तिचे लग्न होत नसे. तिच्या जन्माचे वाटोळे होई. गुंता केसांचा, आणि शिक्षा जन्माची! मुली अशा सोडण्यावर मुंबई इलाख्यात १९३४ साली कायद्याने बंदी आली. कर्नाटकाने १९८२ साली आपला कायदा केला. महाराष्ट्राचा नवा कायदा २००५ चा आहे. मुलीला देवदासी करणे हा गुन्हा आहे. कायदा झाला, पण मनातले भय कायद्याने एकदम जात नाही.

आपणच तेवढे भोळे, असेही समजू नका. युरोपात पोलंड नावाचा देश आहे. तिथेही लोकांच्या डोक्यावर अशा जटा असत. जट कापली तर आजार अंगात शिरेल, अशी तिथे समजूत होती. एकोणिसाव्या शतकात क्राको शहरात योझेफ डीटल नावाचे डॉक्टर होते. त्यांनी या समजुतीविरुद्ध मोठी खटपट केली. हा देवाचा कोप नाही, केसांची निगा न राखल्याचा परिणाम आहे, असे ते सांगत. तिथे देवी यल्लम्मा नव्हती. जटा मात्र होत्या. यावरून काय ते समजा.

आता उपाय. तो न्हाण्याच्या आदल्या रात्री सुरू होतो.

खोबरेल तेल घ्या. आपल्या बायका तेल टाळूवर थापतात आणि शेंडा विसरतात. आम्ही म्हणतो, उलट करा. थोडे तेल तळहातावर चोळा आणि आधी शेंड्यांना लावा. मग वर जा. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी झीज कमी करते. मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली हे छापून प्रसिद्ध केले. सूर्यफुलाच्या तेलाने तसा गुण आला नाही. संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीतले होते हे खरे. पण आपल्या आज्याही तेच सांगत आल्या.

तेल लावलेल्या केसांचा गुंता सोडवा. इथे मोठी चूक होते. फणी टाळूपासून खाली ओढतात. त्यामुळे वरचे सगळे गुंते खाली जमतात आणि एक मोठी गाठ बसते. सुरुवात शेंड्यापासून करा. बट मुठीत घट्ट धरा, म्हणजे मुळाला ओढ बसत नाही. शेवटची चार बोटे विंचरा. ती मोकळी झाली की आणखी चार बोटे वर जा. विरळ दातांचा लाकडी कंगवा चांगला. बारीक फणी उवांसाठी ठेवा. मुलगी रडत नाही, हीच बरोबर विंचरल्याची खूण.

न्हाताना कढत पाणी नको, कोमट घ्या. कपड्याची वडी डोक्याला कधीही लावू नका. ती खारी असते. तिने खवले उचकटतात. शिकेकाई चांगली. ती किंचित आंबट असते आणि मळही काढते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल, तर साबणाचा फेस होत नाही. त्याचा साका केसावर बसतो. अशा वेळी शेवटच्या पाण्यात लिंबू पिळा. अर्ध्या बादलीला एक लिंबू पुरे. डोळे मिटून ते पाणी केसांवर ओता. डोक्यात खरूज किंवा जखम असेल तर मात्र लिंबू नको, चरचरते.

न्हाऊन झाले की पंचाने केसांना फटके मारण्याची चाल आहे. ती सोडा. ओला केस कमजोर असतो. जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात केस गुंडाळा आणि नुसते दाबा.

मग जवसाचा चीक लावा. एक चमचा जवस एक कप पाण्यात उकळा. पाणी बुळबुळीत झाले, तार धरू लागले की गरम असतानाच फडक्यातून गाळा. थंड झाल्यावर चीक घट्ट होतो, मग गाळता येत नाही. हा चीक थोडासा दोन्ही तळहातांना लावा. ओलसर केसांच्या शेंड्यांवरून वरून खाली हात फिरवा. कौलांची दिशा आठवते ना? वरून खाली. मग सैल वेणी घाला आणि केस वेणीतच वाळू द्या. वाळल्यावर वेणी सोडा. शेंडे पिंजारत नाहीत. जवस नसेल तर जास्वंदीची पाने पाण्यात कुस्करून त्यांचा चीकही चालतो. उरलेला चीक दोन-तीन दिवसांत नासतो, तो टाकून द्या.

हल्ली लग्नाकार्यात मुली केसांवर विजेची इस्त्री फिरवतात. एक दिवस केस छान दिसतात. पण ओल्या केसावर ती फिरली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाला आतून फोड येतात. तिथेच तो तुटतो. वेणीला खर्च नाही आणि भाजणे नाही.

शेंड्याला दोन फाटे फुटले असतील, तर ते कोणत्याही तेलाने जुळत नाहीत. बाटलीवर काहीही लिहिलेले असो. तीन-चार महिन्यांनी एक बोटभर शेंडे कापा. "बाईच्या जातीने केसाला कात्री लावू नये," असे म्हणतात. का लावू नये? नखे कापतो ना आपण? केस कापताना दुखत नाही, कारण वाढलेल्या केसात जीव नसतो. जीव मुळात असतो. आणि फाटे कापले नाहीत तर त्यांचाच गुंता आधी होतो.

जट नुकतीच धरू लागली असेल तर ती सुटते. खोबरेल तेलात भिजवून रात्रभर ठेवा. सकाळी शेंड्याकडून बोटांनी उकला. मग जाड सुईच्या बोथट बाजूने एकेक केस काढा. घाई नको. एका बैठकीत झाले नाही तर दुसऱ्या दिवशी बसा. जुनी, घट्ट झालेली जट सुटत नाही. ती कापावीच लागते. तिच्या ओझ्याने मान दुखते. आत उवा होतात, कातडीला जखमा होतात. कापल्यावर जखम दिसली तर दवाखान्यात दाखवा. घरची माणसे घाबरत असतील तर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या येतात, समजावतात आणि आपल्या हाताने जट काढतात.

त्या मुलीच्या बटेला आम्ही तीन दिवस दिले. शाळेतल्या बाई रोज संध्याकाळी तेल घेऊन जात. खालची अर्धी सुटली. वरची सुटेना. कात्री धरायला कोणी तयार होईना. आजी देव्हाऱ्यापुढे बसल्या. बाईंनी कात्री चालवली. पोरीने डोळे गच्च मिटले होते. थोड्या वेळाने उघडले आणि मान इकडे तिकडे हलवून पाहिली. आजींनी ती बट फेकू दिली नाही. फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवली. आम्ही त्यावर वाद घातला नाही. सोमवारी मुलगी शाळेत आली. पुढे रोज परिपाठाआधी बाई तिची वेणी पाहत. जून उजाडेपर्यंत ती आपली आपण घालू लागली होती.