लिनोलियम

लिनोलियम हे मुख्यतः जवसाच्या तेलापासून बनणारे, जमिनीवर अंथरण्याचे लवचीक आच्छादन आहे. घट्ट केलेले जवसाचे तेल, राळ, बुचाची किंवा लाकडाची पूड, चुनखडीची पूड व रंगद्रव्ये यांचे मिश्रण तागाच्या कापडावर दाबून ते तयार केले जाते. इंग्लंडमध्ये उगम पावलेले हे आच्छादन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिका व युरोपातील सामान्य घरांत, विशेषतः स्वयंपाकघरांत, सर्रास वापरले जात असे. त्या काळचे रंगीबेरंगी लिनोलियम आज जुन्या घरांची दुरुस्ती करताना पुन्हा उजेडात येते. मात्र या एकाच नावाने ओळखली जाणारी अनेक आच्छादने प्रत्यक्षात निरनिराळ्या पदार्थांची असतात. त्यांचा टिकाऊपणा वेगळा असतो आणि काहींपासून आरोग्याला गंभीर धोका संभवतो.

नाव

लॅटिन भाषेतील ‘लिनम’ (जवस) आणि ‘ओलियम’ (तेल) या शब्दांपासून हे नाव बनले. ते इंग्रज संशोधक फ्रेडरिक वॉल्टन यांनी योजले. वॉल्टन यांच्या एकस्वाची मुदत संपल्यावर स्कॉटलंडमधील कर्कॉडी येथील नेर्न यांच्या कारखान्याने हेच आच्छादन याच नावाने विकण्यास प्रारंभ केला. वॉल्टन यांच्या कंपनीने न्यायालयात दाद मागितली. परंतु हा शब्द विशिष्ट उत्पादकाचा नसून त्या पदार्थाचाच वाचक आहे, असा निर्णय १८७८ मध्ये झाला. त्यामुळे नाव सर्वांना खुले झाले. पुढे लोकव्यवहारात ते मूळ पदार्थापुरतेही उरले नाही. गुळगुळीत व नक्षीदार अशा कोणत्याही आच्छादनाला लिनोलियम म्हटले जाऊ लागले.

इतिहास

लिनोलियमपूर्वी तेलरंगाचे थर दिलेले जाड कापड जमिनीवर अंथरले जात असे. रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर धरलेली रबरासारखी साय पाहून वॉल्टन यांना नव्या पदार्थाची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. त्यांनी १८६३ मध्ये लिनोलियमचे एकस्व घेतले व पुढील वर्षी लंडनजवळील स्टेन्स येथे उत्पादनासाठी कंपनी स्थापन केली. १८७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील स्टॅटन बेटावर अमेरिकेतील कारखाना उभा राहिला. त्याच्याभोवती वसलेल्या वस्तीला ‘लिनोलियमव्हिल’ असेच नाव पडले होते.

या उद्योगाचा भारताशी कच्च्या मालाद्वारे संबंध होता. पाठीमागच्या कापडासाठी लागणारा ताग बंगालमधून स्कॉटलंडमधील डंडी येथील गिरण्यांत जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनला जवस पुरवणाऱ्या प्रमुख देशांतही भारताचा समावेश होता.

निर्मिती

जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. जुन्या पद्धतीत उंच शेडमध्ये टांगलेल्या पातळ सुती कापडांवरून हे तेल पुनःपुन्हा सोडले जाई. एकावर एक थर वाळून अनेक आठवड्यांनी जाड कातडीसारखा पदार्थ तयार होई. त्यात राळ मिसळून वितळवल्यावर चिकट लगदा मिळे. या लगद्यात पूड व रंगद्रव्ये कालवून ते मिश्रण तप्त रुळांखाली तागाच्या कापडावर दाबले जाई. नंतर ही लांब आच्छादने उष्ण खोल्यांत टांगून पक्की होऊ दिली जात.

रंग व नक्षी

आरंभीचे लिनोलियम तपकिरी, हिरवे अशा एकाच गडद रंगाचे असे. पुढे नक्षीचे दोन मुख्य प्रकार रूढ झाले. छापील प्रकारात नक्षी केवळ पृष्ठभागावर रंगवलेली असल्याने ती वापराने झिजून जाई. जडावाच्या प्रकारात रंगीत मिश्रणाचे तुकडे किंवा कण जुळवून दाबले जात. त्यामुळे रंग तागाच्या कापडापर्यंत खोल जाई आणि वरचा भाग झिजला तरी नक्षी टिकून राही.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात व त्यानंतर संगमरवरासारख्या छटा, बारीक रेघा, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, उडालेल्या रंगासारखे ठिपके आणि कडेने वेगळ्या रंगाची पट्टी अशा रचना लोकप्रिय झाल्या. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथील आर्मस्ट्राँग कंपनीने नियतकालिकांतील रंगीत जाहिरातींत संपूर्ण सजवलेल्या खोल्या दाखवून या आवडीला चालना दिली.

साम्य असणारी इतर आच्छादने

डांबरात भिजवलेल्या नमद्यावर रंगाचा थर छापलेले आच्छादन लिनोलियमपेक्षा स्वस्त असे. ते गालिच्यासारखे सुटे अंथरले जाई आणि त्यालाही लोक लिनोलियमच म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिव्हिनिल क्लोराइडपासून बनणारे व्हिनाइल झपाट्याने पसरले. त्याला मेण लावावे लागत नसे आणि त्याची निगा राखणे सोपे होते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील लिनोलियमचे उत्पादन बंद पडले.

कापलेल्या कडेवरून काही अनुमान करता येते. पाठीला तागाचे विणलेले कापड आणि संपूर्ण जाडीत रंग असल्यास ते बहुधा जडावाचे लिनोलियम असते. काळा नमदा आणि वर पातळ रंग असल्यास ते छापील आच्छादन समजावे. मात्र काही खऱ्या लिनोलियमलाही नमद्याची पाठ असल्याने ही खूण निर्णायक नाही.

ॲस्बेस्टॉसचा धोका

मूळ लिनोलियमच्या मिश्रणात सामान्यतः ॲस्बेस्टॉस नसते. परंतु जुन्या व्हिनाइलच्या पाठीचा करडा थर, नऊ इंची चौरस लाद्या आणि काळे डांबरी चिकटद्रव्य यांत ते असू शकते. त्यामुळे वर खरे लिनोलियम असले तरी त्याखालील थर निर्धोक असेलच असे नाही. अखंड आच्छादनापासून सहसा अपाय होत नाही. ते घासल्यास, फाडल्यास किंवा यंत्राने खरवडल्यास मात्र सूक्ष्म तंतू हवेत मिसळतात. श्वासावाटे शरीरात गेलेल्या या तंतूंमुळे अनेक वर्षांनंतर फुप्फुसांचे विकार व कर्करोग उद्भवू शकतात. ॲस्बेस्टॉस डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली नमुना तपासावा लागतो. काढणे अनिवार्य नसल्यास जुन्या थरावरच नवे आच्छादन घालण्याचा पर्याय अनेकदा स्वीकारला जातो.

निगा

तीव्र अल्कली तेलाच्या घटकाचे साबणीकरण करते. म्हणून धुण्याच्या सोड्यासारख्या पदार्थांनी लिनोलियम ठिसूळ व निस्तेज होते. साचलेले पाणी सांध्यांतून झिरपून तागाचे कापड कुजवते. सौम्य साबण, पिळून घेतलेले फडके व मेणाचा पातळ थर ही त्याची पारंपरिक निगा होय. सामानाखाली अंधारात राहिलेल्या भागावर पिवळसर छटा येते. उजेड मिळाल्यावर ती बहुधा नाहीशी होते.

सद्यस्थिती

वनस्पतिजन्य घटकांमुळे लिनोलियमला पुन्हा मागणी आली आहे. नेदरलँड्समधील क्रोमेनी आणि स्कॉटलंडमधील कर्कॉडी ही त्याच्या उत्पादनाची प्रमुख ठिकाणे आहेत.