लखोबा लोखंडे आणि गोव्यातली दुसरी सही

न्यायालयाच्या पिंजऱ्यात एक माणूस उभा आहे. एकामागून एक साक्षीदार येतात. कोणी त्याला दिवाकर दातार म्हणते, कोणी कॅप्टन अशोक परांजपे, तर कोणाला तो राधेश्याम महाराज म्हणून ठाऊक असतो. आपल्याशी लग्न करून हाच माणूस पसार झाला, असे साक्षीला आलेल्या स्त्रिया शपथेवर सांगतात. आरोपीचे उत्तर मात्र ठरलेले आहे. आपण निपाणीचे तंबाखूचे व्यापारी लखोबा लोखंडे, ही सारी मंडळी म्हणतात तो माणूस कोणी दुसराच!

आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकाची नाटकवेड्या गोव्याला नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचे होते. प्रभाकर पणशीकरांनी त्यात पाच भूमिका केल्या आणि फिरत्या रंगमंचामुळे न्यायालयातून थेट साक्षीदाराच्या आठवणीतल्या दिवाणखान्यात जाणे शक्य झाले. प्रेक्षक एका क्षणी साक्ष ऐकत असतो आणि दुसऱ्या क्षणी त्या साक्षीतले प्रेमप्रकरण डोळ्यांसमोर घडताना पाहत असतो. माधव काझी या भामट्याच्या प्रत्यक्षातल्या खटल्यावर अत्र्यांनी हे कथानक बेतले होते.

नाटक पाहताना हसू येते ते आरोपीच्या हजरजबाबीपणाला. तो स्वतःच आपली वकिली करतो, साक्षीदारांची उलटतपासणी घेतो आणि प्रत्येकाला कोंडीत पकडतो. परंतु हसू ओसरल्यावर एक प्रश्न उरतो. इतक्या स्त्रिया डोळ्यांसमोर उभ्या असताना कायद्याला एवढी धडपड का करावी लागते? या प्रश्नाचे उत्तर नाटकाबाहेर आहे, आणि ते गोव्यातल्या वाचकाला उर्वरित देशापेक्षा वेगळे मिळते.

मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी आली ती १९४६ च्या कायद्याने. त्याला आव्हान दिले गेले, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी १९५१ मध्ये नरसू आप्पा माळी खटल्यात तो वैध ठरवला. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला आणि एकपत्नीत्वाचा नियम देशभरच्या हिंदूंना लागू झाला. पहिली पत्नी हयात असताना दुसरे लग्न केल्यास भारतीय दंड संहितेच्या कलम ४९४ खाली सात वर्षांपर्यंत कैद होती. पहिले लग्न दुसऱ्या पत्नीपासून लपवून ठेवले असेल, तर कलम ४९५ खाली ती दहा वर्षांपर्यंत जात असे. लपवाछपवीला जास्त शिक्षा, हे कायद्याचे शहाणपण म्हणायचे. कागदावर पाहता लखोबासारख्याला सुटायला वाटच नव्हती.

व्यवहारात वाट होती, आणि तिच्यावर शिक्कामोर्तब करणारा खटला निघाला तोही एका लोखंडेंचाच! ‘भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. नाटकाशी त्याचा काही संबंध नाही. आडनाव जुळले हा केवळ योगायोग, आणि ज्या दुसऱ्या लग्नावरून तो उभा राहिला ते लागले फेब्रुवारी १९६२ मध्ये, म्हणजे नाटक रंगमंचावर आले त्याच वर्षी, हा आणखी एक. पहिली पत्नी हयात होती. खालच्या न्यायालयांनी आरोपीला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये त्याला सोडून दिले. तो विवाह गांधर्व पद्धतीचा होता, असा सरकारपक्षाचा दावा होता, परंतु त्यात होमासमोरचे विधी व सप्तपदी झाल्याचे सिद्ध झाले नव्हते. न्यायालयाने म्हटले की लग्न योग्य विधींनी लागले असेल तरच ते लग्न, आणि दुसरे लग्न लग्नच नसेल तर द्विभार्येचा गुन्हाही नाही.

या निकालातली विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. नाटकातला लोखंडे ‘तो मी नव्हेच’ म्हणतो. न्यायालयातल्या लोखंडेंच्या वकिलांना तेवढेही म्हणावे लागले नाही. माणूस तोच, बाई तीच, फक्त ते लग्न नव्हेच, एवढे पुरले. म्हणजे ज्याला फसवायचेच आहे, त्याने भटजींना थोडी घाई करायला लावली, की पुढची सोय आपोआप झाली. फसवल्या गेलेल्या स्त्रीवर मात्र आपल्या लग्नात किती पावले चालली गेली, हे कित्येक वर्षांनी सिद्ध करण्याची पाळी आली.

हे तत्त्व आजही कायम आहे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या बाजूने तेच सांगितले. हिंदू विवाह कायद्याखाली विधी न करता केवळ नोंदणीचा दाखला मिळवला, तर तो विवाह नव्हे. विवाहनोंदणी सक्तीची करावी, असे याच न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी राज्यांना बजावले होते (ही तारीख कोणी मुद्दाम निवडली नसावी). परंतु त्या नोंदणीचे मोल पुराव्यापुरते. नोंदणी नसली म्हणून विधिवत लागलेले लग्न रद्द होत नाही, आणि नोंदणी आहे म्हणून न लागलेले लग्न लागत नाही.

गोव्यात याच्या बरोबर उलट आहे. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यानंतर २५ डिसेंबर १९१० च्या हुकूमनाम्याने विवाह हा नागरी करार ठरला आणि मुक्तीनंतरही ती व्यवस्था टिकून राहिली. इथे लग्न लागते ते तालुक्याच्या नागरी निबंधकाच्या कार्यालयात. वधूवर जन्मदाखले आणि रहिवासाचे कागद घेऊन पहिल्या सहीसाठी जातात. विवाहाचा इरादा जाहीर होतो आणि हरकतीसाठी पंधरा दिवस जातात. मग दुसरी सही, साक्षीदारांसमोर. कॅथलिकांना चर्चमधल्या विवाहाआधी निबंधकाचा ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. देवळातले वा सभागृहातले लग्न कितीही थाटाचे असो, दुसरी सही झाल्याखेरीज कायद्याच्या लेखी ती दोघे अविवाहितच असतात.

लखोबाला ही व्यवस्था मानवली नसती, हे उघड आहे. पाच नावांसाठी पाच जन्मदाखले, पाच आईवडील, पाच रहिवास त्याला जमवावे लागले असते. त्याहून कठीण गोष्ट म्हणजे त्याला एकाच खिडकीवर दोनदा जावे लागले असते. भामट्याचा सारा डाव वेगावर चालतो. ओळख, भारावणे, मागणी, लग्न आणि पलायन यांच्यामध्ये कोणाला विचार करायला उसंत मिळता कामा नये. गोव्याचा कायदा नेमकी तिथेच पंधरा दिवसांची उसंत घालतो.

मात्र यावरून गोव्यातल्या मुली लखोबांपासून सुरक्षित आहेत असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. सहीची अट जितकी कडक, तितकी सही टाळणाऱ्याची सोय अधिक. ‘मुहूर्त चांगला आहे, आधी देवळात लग्न लावून घेऊ, सहीचे नंतर पाहू’, एवढे एक वाक्य त्याला पुरेसे आहे. समारंभ होतो, मंगळसूत्र गळ्यात पडते, पाहुणे जेवून जातात. ती स्वतःला पत्नी समजते, सासर तिला सून म्हणते. नोंदवहीत मात्र काहीच नसते. गोव्यात वेगळा करार नसेल तर विवाहाबरोबर पतिपत्नीची मालमत्ता सामायिक होते आणि दोघांचा निम्मा निम्मा हक्क उभा राहतो. सही नसलेल्या स्त्रीला तो निम्मा हिस्सा मागता येत नाही. आणि त्या पुरुषाने पुढे दुसरीशी रीतसर नोंदणी करून लग्न केले, तर कायद्याच्या हिशेबात ते त्याचे पहिलेच लग्न! द्विभार्येचा आरोप ठेवायचा तर आधी एक वैध विवाह दाखवावा लागतो, आणि तो तिच्याकडे नसतो.

मग तिच्यासाठी काय उरते? जुन्या संहितेतही दोन कमी परिचित कलमे होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ८१ आणि ८३ म्हणून आली आहेत. आपण कायदेशीर पत्नी आहोत असा खोटा समज करून देऊन स्त्रीशी सहवास करणे, हा कलम ८१ चा गुन्हा. हे लग्न कायदेशीर नाही हे ठाऊक असताना अप्रामाणिक हेतूने लग्नाचा समारंभ उरकणे, हा कलम ८३ चा. पहिल्याला दहा, दुसऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद. द्विभार्येचा गुन्हा आणि पहिले लग्न लपवणे ही दोन्ही आता कलम ८२ मध्ये एकत्र आहेत. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदाही विवाहसदृश नात्यातल्या स्त्रीला आधार देतो.

खरी भर घातली ती कलम ६९ ने. लग्नाचे खोटे वचन देऊन किंवा फसवणुकीच्या मार्गाने स्त्रीशी शरीरसंबंध ठेवल्यास आता दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि फसवणुकीच्या मार्गांत ओळख लपवून लग्न करणे याचा स्पष्ट उल्लेख आहे. दिवाकर दातार म्हणून माळ घालणाऱ्याचे वर्णन कायद्याने इतक्या थेट शब्दांत केले ते नाटकाच्या पहिल्या प्रयोगानंतर साठहून अधिक वर्षांनी. या कलमावर टीकाही होते. मोडलेले प्रत्येक प्रेम गुन्हा ठरू लागेल, अशी भीती काही विधिज्ञांना वाटते, आणि ती अनाठायी नाही. वचन मोडणे आणि मुळातच खोटे वचन देणे यांतला फरक न्यायालयांना दर खटल्यात नव्याने शोधावा लागेल. ओळख लपवण्याचे तसे नाही. तिथे संशयाला जागा फार थोडी असते.

तक्रार कोणी करायची, हाही बराच काळ गुंता होता. दुसरे लग्न मुळातच रद्दबातल, मग दुसरी पत्नी ‘पीडित’ कशी, असा युक्तिवाद होत असे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ए. सुभाष बाबू खटल्यात तो फेटाळला. पहिले लग्न लपवून जिला फसवले, तिलाही तक्रारीचा अधिकार आहे. नाटकातल्या साक्षीदार स्त्रियांना हा निकाल उपयोगी पडला असता.

एक अडचण मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. देशभरातल्या विवाहांची एकच सामायिक नोंदवही आजही नाही. निपाणीत लागलेले लग्न म्हापशाच्या किंवा मडगावच्या निबंधकाला आपोआप दिसत नाही. घाटापलीकडून आलेल्या वराने आपण अविवाहित असल्याचे लिहून दिले, तर ते खोटे ठरवणारा माणूस त्या पंधरा दिवसांत पुढे यावा लागतो. हरकतीची मुदत असते ती त्यासाठी. कार्यालयाच्या फलकावर नावे लागलेली असतात, आणि त्या फलकासमोरून लोक आपापल्या कामाला जात असतात.