रायफल थ्री-नॉट-थ्री, गोळी कितीची?



मंडळाच्या पिकनिकला आमच्या चौघांच्या छंदाचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. "तुम्ही शिकार करता?" हा पहिला, आणि "काडतुसे विकत मिळतात ना, मग घरी कशाला भरता?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. आमच्यातला एकच जण शिकारीला जातो, बाकीचे कागदावर नेम धरतात. दुसऱ्याचे उत्तर थोडे लांब आहे, म्हणून हा लेख.

आमची रायफल ईशापूरची, म्हणजे बंगालमधल्या सरकारी कारखान्यात बनलेली ली-एनफील्ड. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे पाहिलेली तीच ती "थ्री-नॉट-थ्री". इथे अमेरिकेत एका जुन्या बंदुकांच्या दुकानात ती दिसली आणि मोह आवरला नाही. सोबत मूठभर जुनी काडतुसे मिळाली. त्यांच्या बुडावर 'के' आणि 'एफ' ही अक्षरे, म्हणजे चक्क खडकीचा दारूगोळा कारखाना! आमच्यातल्या पुणेकराला तेव्हा जे भरते आले ते विचारू नका. ती काडतुसे मात्र शोभेलाच ठेवली आहेत. त्यांच्या पुंगळ्यांना आत दोन बारीक भोके असतात, त्यामुळे नेहमीच्या अवजाराने त्या पुन्हा भरता येत नाहीत.

मराठीत आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो, म्हणून आधी एवढे स्पष्ट करतो. काडतुसाचे चार भाग : पितळी पुंगळी, बुडातला प्रायमर, आतली दारू आणि टोकाला बसवलेली गोळी. नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. पुंगळी पुन्हा वापरता येते, बाकीचे तीन भाग नवे घालायचे. जुन्या रायफलींसाठी तयार काडतुसे महाग असतात, कधी मिळतच नाहीत. शिवाय दुकानातले काडतूस सरासरी नळीसाठी बनवलेले असते, आणि जुनी नळी सरासरी असेलच असे नाही.

आता खरी गोम. .३०३ हा आकडा गोळीचा व्यास नव्हे! नळीच्या आत पीळदार खाचा असतात. खाचांमधल्या उंचवट्यांपासून मोजले तर .३०३ इंच, आणि खाचांच्या तळापासून मोजले तर साधारण .३११ ते .३१२ इंच. गोळीने खाच भरून काढायची असते, म्हणून या रायफलीला गोळी .३११ किंवा .३१२ची लागते. युद्धाच्या घाईत बनलेल्या नळ्यांमध्ये हे माप याहूनही इकडेतिकडे असते.

इथेच आम्ही चौघे इंजिनिअर तोंडावर पडलो. मापायची पद्धत अशी : रायफल रिकामी आहे याची खात्री करायची, खटका काढून बाजूला ठेवायचा, नळीला तेल लावायचे आणि मऊ शिशाचा तुकडा दांड्याने हळूहळू ठोकत आरपार काढायचा. त्यावर नळीचा ठसा उमटतो. तो आम्ही साध्या व्हर्नियरने मापला आणि आले .३०८. आम्ही खूश, कारण .३०८च्या गोळ्या अमेरिकेत भाजीपाल्यासारख्या मिळतात. डबाभर आणल्या, मान्य पुस्तक पाहून भरल्या, रेंजवर गेलो. शंभर यार्डांवर कागदावर भोके ताटाएवढ्या वर्तुळात विखुरलेली, आणि काही तर चक्क आडवी! गोळी खाचांत नीट न बसता, पुरेशी न फिरता, कोलांट्या खात गेली होती. शिवाय गोळीच्या बाजूने तप्त वायू निसटतो आणि नळी झिजवतो ते वेगळेच.

चूक गणिताची होती. या नळीला पाच खाचा आहेत. विषम संख्या असल्यामुळे एका खाचेच्या बरोबर समोर खाच येत नाही, उंचवटा येतो. मग सरळ जबड्यांच्या व्हर्नियरवर दोन्हींच्या मधले माप दिसते. त्यासाठी 'व्ही' आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर लागतो. तो मागून आणला तेव्हा आले .३१२. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपचे सर असते तर त्यांनी जर्नल फेकून दिले असते!

एवढ्यावर थांबून चालत नाही, कारण ईशापूरनेच १९६०च्या दशकात अगदी अशाच दिसणाऱ्या ७.६२ मिलिमीटरच्या रायफली बनवल्या. त्यांना मात्र .३०८चीच गोळी लागते. तेव्हा दिसण्यावर जाऊ नका, नळीवरचे शिक्के वाचा. कमी मापाची गोळी नेम बिघडवते, पण जास्त मापाची दाब वाढवते आणि ते जिवावर बेतू शकते. जर्मन माउझरचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १८८८च्या रायफलीची मूळ गोळी .३१८ची, १९०५नंतरची .३२३ची, आणि नाव दोन्हीकडे 'आठ मिलिमीटर'.

व्यास ठरला की वजन. गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, हे आजीला सांगितले तर तिला आमच्यापेक्षा लवकर कळेल. १९१०मध्ये आलेल्या 'मार्क सात' काडतुसाची गोळी १७४ ग्रेनची, टोकदार, सपाट बुडाची होती आणि नंतरच्या रायफलींच्या दृष्टीपट्ट्या तिच्यासाठीच आखल्या आहेत. १५० ग्रेनची गोळी घातली तर पट्टीवरचे आकडे जुळत नाहीत. म्हणून आम्ही १७४ ते १८०च्या आसपास राहतो. बूड शक्यतो सपाट. निमुळत्या बुडाची गोळी लांब पल्ल्याला चांगली, पण जुन्या कॉर्डाइट दारूने झिजलेल्या नळीत ती नीट धरली जात नाही. आमच्या रायफलीत हा फरक कागदावर स्पष्ट दिसला. गोळी बदलली की दारूचे मापही त्या गोळीच्या छापील तक्त्यातल्या सर्वांत कमी आकड्यापासून सुरू करायचे. मित्राने सांगितलेले माप कधीही नाही, मित्र आम्ही असलो तरी नाही.

शिकारीसाठी हिशेब वेगळा. तिथे पूर्ण तांब्याच्या आवरणाची लष्करी गोळी चालत नाही. ती आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळते, आणि अनेक राज्यांत हरणासाठी ती बेकायदाच आहे. टोकाला शिसे उघडे असलेली, आत गेल्यावर पसरणारी गोळी हवी. गंमत म्हणजे अशा गोळीचे 'डमडम' हे जगभर झालेले नाव कोलकात्याजवळच्या दमदमचे. १८९०च्या दशकात तिथल्या शस्त्रागारात ती .३०३साठीच बनली. १८९९च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात तिच्यावर बंदी आली. जी युद्धात निषिद्ध ती शिकारीत सक्तीची, असा हा उलटा न्याय.

इतर रायफलींचे थोडक्यात. विंचेस्टर ९४सारख्या नळकांडी मॅगझिनच्या रायफलीत काडतुसे एकामागे एक असतात, त्यामुळे टोकदार गोळी पुढच्याच्या प्रायमरवर आपटू शकते. तिथे चपट्या टोकाचीच घ्यावी. इटालियन कारकानो ६.५ला .२६८ची गोळी लागते, नेहमीची .२६४ची नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीसाठी शिसेविरहित गोळीच वापरावी लागते, आणि .३११मध्ये तिची निवड फारच तोकडी आहे.

आता घरचे. शिशाला हात लावून झाले की साबणाने हात धुवायचे, आणि हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करायचे नाही. घरात लहान मुले असतील तर यात तडजोड नको. एच-१ किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे : संघराज्याच्या कायद्यानुसार त्यांना बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. राज्याचा शिकारीचा वैध परवाना हा एक अपवाद आहे, पण तो वकिलाला विचारूनच वापरावा. कायद्याच्या भाषेत नुसती गोळी, पुंगळी, प्रायमर आणि दारू हे चारही सुटे भाग 'काडतूस' या सदरात येतात.

आणि रेंजची पिशवी निराळी ठेवा. तीच पिशवी घेऊन भारतात गेलात आणि विमानतळावर तळाशी एखादे विसरलेले काडतूस सापडले, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. आम्ही आमच्या पिशवीवर लाल रंगाने 'इंडियाला नाही' असे लिहून ठेवले आहे.